रोज दहा वाक्प्रचार पाठ करून इंग्रजी येतं का?

खडूफळा:
भाचीने बारावीनंतर स्पोकन इंग्लिशचा क्लास लावलाय. तिथे रोज दहा वाक्प्रचार पाठ करायचे. परवा छत्री झटकत घरात शिरली आणि म्हणाली, "इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज." म्हटलं, बाई, हे आता इंग्रजही फारसं बोलत नाहीत, "इट्स पोअरिंग" म्हण. तर पोअर हा शब्द तिला फक्त चहा ओतण्यापुरता माहीत!

माझं म्हणणं, या याद्या गुंडाळून ठेवा. पुट, गेट, टेक, लुक अशी पाच-सात क्रियापदं घ्या आणि तीच घोटा. पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणं, पुट आउट म्हणजे विझवणं, पुट अप विथ म्हणजे सहन करणं. आपण दिवा लावतो, क्लास लावतो, जीव लावतो आणि वाटही लावतो, तसलंच हे. मायकेल वेस्ट नावाचा गृहस्थ बंगालमध्ये इंग्रजी शिकवायचा. त्याने १९५३ साली नेहमीच्या वापरातल्या सुमारे २००० शब्दांची यादी काढली. आधी एवढं पक्कं होऊ दे, मांजरं-कुत्री नंतर.

वॉर्डातली_मिरजकर:
साफ नामंजूर. मी नर्स आहे, सहा वर्षं इंग्लंडमध्ये. भाषेची परीक्षा चांगल्या मार्कांनी पास होऊन आले होते. पहिल्याच आठवड्यात एक म्हातारी आजी म्हणाली, "आय नीड टू स्पेंड अ पेनी." मला वाटलं, खालच्या दुकानातून काही हवं असेल. मी कपाटातून तिची पर्स काढून हातात दिली. ती माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे. शेवटी शेजारच्या खाटेवरून आवाज आला, अगं, तिला लघवीला जायचंय! पूर्वी तिकडच्या सार्वजनिक शौचालयात पेनीचं नाणं टाकल्याशिवाय दार उघडत नसे, त्यावरून आलंय ते.

बरं, साधे शब्द तरी साधे असतात का? पेशंट म्हणाला, "आय हॅव बीन सिक." मी मनात म्हटलं, आजारी आहात म्हणून तर इथे आहात. तो सांगत होता, उलटी झाली. "वॉटरवर्क्सचा त्रास" म्हणजे लघवीचा, नळाचा नव्हे. सिक हा शब्द तुमच्या २००० मध्ये असेलही, पण हा अर्थ कोण शिकवणार?

खडूफळा:
ताई, पण हे तुम्ही यादीतून शिकलात की आजीकडून? यादीत असतं तर "पीस ऑफ केक"च्या शेजारी असतं आणि दोन्ही विसरला असता.

वॉर्डातली_मिरजकर:
आजीकडूनच शिकले. पण मला कळेपर्यंत उशीर झाला आणि चादर बदलावी लागली. अजून आठवलं की कसंसंच होतं.

कळफलक:
समजण्यापुरतं ठीक, पण स्वतः वापरायला जाऊ नये या मताचा मी. आमच्या कॉलवर लंडन आणि न्यू जर्सी दोन्हीकडची माणसं असतात. लंडनवाला म्हणाला, "लेट्स टेबल इट." त्यांच्याकडे याचा अर्थ विषय चर्चेला घेऊ. अमेरिकेत अर्थ बरोबर उलटा, तूर्तास बाजूला ठेवू. एक बोलायला लागला, दुसरा पुढच्या मुद्द्यावर गेला आणि मी मिनिट्स लिहितोय! जिथे इंग्रजी मातृभाषा असलेल्यांची ही गत, तिथे आपण कशाला शहाणपणा करा? मी सरळ लिहितो, यावर आज बोलू. आपलं "प्रीपोन", म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे आणणं, ऑक्सफर्डच्या कोशात गेलंय म्हणे लोक कौतुकाने सांगतात. गेलंय खरं, पण न्यू जर्सीला ते समजावून सांगावंच लागतं.

भाकरतुकडा:
भाचीला आधी 'नाकी नऊ' म्हणजे काय ते विचारा.

खडूफळा:
विचारलं. म्हणाली, नाकावर नंबर?

झेडपी_गुरुजी:
तुमचं सगळं पुणे-लंडन चाललंय. २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. माझ्या सहावीतल्या पोरांना आय फॉर इग्लू येतं. इग्लू बघणार कुठे, देव जाणे! म्हणून मी सांगितलं, घरातली एक वस्तू आणा आणि तिचं इंग्रजी नाव शोधा. एक पोरगी सांडशी घेऊन आली. वर्गात कुणाला येईना, खरं सांगायचं तर मलाही येईना. फोनवर बघितलं, टाँग्ज. झाऱ्याला, सुपाला, उंबऱ्याला तीच तऱ्हा. विळीला तर धड शब्दच सापडेना, म्हटलं विळीच लिहा. पण त्या दिवसापासून टाँग्ज कुणी विसरलं नाही. सांडशी आठवडाभर टेबलावर होती, तिची आई निरोपावर निरोप पाठवत होती. वाक्प्रचार राहू द्या, आधी चुलीपाशी या.

वॉर्डातली_मिरजकर:
गुरुजी, हे पटलं. कमोड, चादर, उशी, कवळी, यांची इंग्रजी नावं मला वॉर्डातच पाठ झाली.

खडूफळा:
मिरजकरताई, भाचीलाही नर्सिंगलाच जायचंय. तुमच्या वॉर्डातले असे शब्द लिहून पाठवाल का? पंधरा-वीस चालतील.

वॉर्डातली_मिरजकर:
पाठवते की. पण म्हणजे यादीच मागताय ना?