एरंडवण्यातल्या बंगल्याच्या खिडक्या आणि पडदे

विषय: पुण्याच्या घराला पडदे की ब्लाइंड?

नमस्कार मंडळी,

एरंडवण्यातल्या आमच्या जुन्या बंगल्याचं रंगकाम झालं, आता पडदे राहिलेत. खिडक्या सगळ्या तऱ्हेवाईक. जिन्यावर उंच कमानीची, दिवाणखान्यात दोन भिंतींवर वळलेली कोपऱ्याची, स्वयंपाकघरात आत उघडणाऱ्या झडपांची. माडीवर पश्चिमेला मोठी काच आहे, तिथे बाबांना दुपारी बसवत नाही. पडदेवाला म्हणतो, सगळीकडे झेब्रा ब्लाइंड (जाड आणि पारदर्शक आडव्या पट्ट्यांचं गुंडाळतं ब्लाइंड) लावून टाकू. मला ते पटत नाही. मापं देऊन इथे परदेशातच बनवून घेऊ आणि पुण्याला येताना बॅगेतून आणू का? तुमच्यापैकी जे पुण्याला परतलेत त्यांनी कृपया सांगावं.

— मंडळाची एक सभासद

विषय: उत्तर: पुण्याच्या घराला पडदे की ब्लाइंड?

अगं, बॅगेतून काही आणू नकोस. जुन्या बंगल्याच्या चौकटी काटकोनात राहिलेल्या नसतात. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. ब्लाइंड चौकटीच्या आत बसवायचं तर रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजायची आणि सगळ्यांत कमी भरेल ती धरायची. आपला सुतार इंच आणि सुतात माप सांगणार, आठ सुतांचा एक इंच. तिकडे त्याचे मिलिमीटर करताना दोन सूत इकडेतिकडे झाले की ब्लाइंड घासलंच म्हणून समज. मग दुरुस्तीला तिकडे थोडंच पाठवणार आहेस? मापं घेणारा आणि बसवणारा एकच माणूस असू दे, आणि तो पुण्यातला असू दे.

बाबांच्या माडीपासून सुरुवात कर, खरा त्रास तिथे आहे. एप्रिल-मेमध्ये चारनंतरचं ऊन इतकं तिरपं येतं की वरचा छज्जा त्याला अडवू शकत नाही. जूनच्या आसपास तर सूर्य पश्चिमेच्याही बराच उत्तरेला मावळतो, म्हणजे वायव्येची खिडकीही सुटत नाही. आतून कितीही जाड पडदा लाव, ऊन काच ओलांडून आलेलं असतं. पडदा तापतो आणि ती धग खोलीतच राहते. ते बाहेरच अडवायला हवं. बांबूची चिक, म्हणजे कामट्यांचा गुंडाळता पडदा, बाहेरून, काचेपासून वीतभर लांब टांग, मधून हवा खेळली पाहिजे. पुण्यात बांबूकाम करणाऱ्यांच्या बुरुड आळीत मापाप्रमाणे करून मागता येईल. खाली दोन्ही टोकांना बांधायची सोय ठेव, वळवाच्या वाऱ्यात ती भिंतीवर आपटते. पाऊस सुरू व्हायच्या आत उतरवून, कडक उन्हात वाळवून माळ्यावर टाकायची, नाहीतर बुरशी धरते. आतून साधा फिकट सुती पडदा पुरे. मे महिन्यात वाळ्याची ताटी लावून पाणी मारलंत तर फारच छान, पुण्याची दुपारची हवा तेव्हा कोरडी असते, त्यामुळे पाणी भरभर वाळून गारवा येतो.

कमान मात्र झाकू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. जिन्यात कोणी झोपत नाही की कपडे बदलत नाही. समोरच्या इमारतीतून दिसत असेल तर कमान जिथून वळायला लागते तिथे रॉड टाकून खालच्या चौकोनाला पडदा कर, वरचा अर्धगोल मोकळा ठेव. कमानीच्या आकाराचं ब्लाइंड मिळतं, पण ते बहुधा कायमचं बसवलेलं असतं, उघडत नाही. शिवाय जिन्यात शिडी लावून ते पुसणार कोण? तरीही हवंच असेल तर आकड्यांवर विसंबू नका. वर्तमानपत्राची पानं चिकटवून कमानीवर धरा, पेन्सिलीने कड गिरवा आणि तो कागदच कारागिराला द्या.

कोपऱ्यात दोन ब्लाइंड समोरासमोर आली की एकमेकांवर अडतात. तिथे छताला वळणारा ट्रॅक आणि सलग पडदा. कापड रुंदीच्या दुप्पट घे, म्हणजे चुण्या नीट पडतात. स्वयंपाकघरात चौकटीवर रॉड लावलास तर झडप उघडताना पडदा अडकणार. त्याऐवजी झडपेवरच वर-खाली बारीक रॉड लावून त्यांत कापड ताणून बसव, झडपेबरोबर तेही फिरेल. तिथे सुतीच वापर, शिवण्याआधी एकदा धुऊन घे, आणि गॅसच्या अगदी लगतच्या झडपेला काहीच लावू नकोस.

झेब्रा ब्लाइंड वाईट नाही. सरळ चौकोनी खिडकीला शोभतं. तुमच्याकडे तशी खिडकी कुठे आहे?

— कोथरूडची काकू

विषय: उत्तर: उत्तर: पुण्याच्या घराला पडदे की ब्लाइंड?

काकूंच्या सगळ्या म्हणण्याला अनुमोदन. एक भर घालतो. सुट्टीत नातवंडं येणार असतील तर लोंबत्या दोरीचं किंवा मण्यांच्या साखळीचं काहीही घेऊ नका, लहान मुलांच्या गळ्याला फास बसू शकतो. दोरी नसलेलं मिळतं, तेच मागा. चिकेची दोरीही उंचावर खुंटीला गुंडाळून ठेवा, आणि खिडकीखालचा दिवाण हलवा.

— एक आजोबा, सध्या मुक्काम पुणे

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: पुण्याच्या घराला पडदे की ब्लाइंड?

काकू, काका, मनापासून आभार. कमान उत्तरेला आहे आणि समोर फक्त आमचाच आंबा, तेव्हा ती उघडीच ठेवतो. चिकेचं आईला कळवलं. तिने विचारलंय, बाहेर ग्रिल आहे, तर चिक ग्रिलच्या आत की बाहेर?

— तीच सभासद

आत. ग्रिल आणि काचेमध्ये वीतभर जागा असेल तर तिथेच, म्हणजे वाऱ्यात उडणार नाही आणि गुंडाळायला हात पोचेल. जागा कमी असेल तर बाहेरून लावा, पण दोरी आत ओढून घ्या. ग्रिलवरून वाकून कोणी चिक गुंडाळायला जाऊ नये, बाबांनी तर मुळीच नाही.

— काकू