सेमिस्टरने पदवीची किंमत घालवली? मला पटत नाही, म्हणून हा धागा

इतिहासवाली

गेल्या आठवड्यात 'इंटर सायन्स 71' काकांनी इथे लिहिलं होतं की सेमिस्टर आल्यापासून पदवी म्हणजे नुसता कागद उरला आहे. वर्षाअखेर एकच तीन तासांचा पेपर असायचा तेव्हा पोरं अभ्यास करायची, आता सहा सहा महिन्यांचे तुकडे पाडून मार्क वाटतात आणि प्राध्यापकही त्यात सामील आहेत, असं त्यांचं म्हणणं. ते शेवटचं वाक्य वाचून दोन दिवस गप्प बसले. आता राहवत नाही.

मी नगर जिल्ह्यातल्या दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते. हे अकरावं वर्ष. स्वतः पुणे विद्यापीठाची बीए, 2007 ची, म्हणजे वार्षिक पद्धतीतलीच. दिवाळीआधी टर्म एंड 60 ची, तिचे 20 मध्ये रूपांतर, मार्च-एप्रिलला 80 चा पेपर. एसवायला (दुसऱ्या वर्षाला) मुख्य विषयाचे एस-1, एस-2 हे पेपर, टीवायला (तिसऱ्या वर्षाला) एस-3, एस-4. काका, तुम्ही म्हणता तो अभ्यास मी जवळून पाहिलाय. जून ते जानेवारी निम्मी बाकं रिकामी. संक्रांत झाली की स्टेशनरीच्या दुकानात अपेक्षित प्रश्नसंच टांगलेले दिसायचे, मग सगळे जागे. मी असेच वीस-बावीस प्रश्न घोकून फर्स्ट क्लास काढला. मूळ कागद हातात घेऊन वाचायचा असतो, त्यावर शंका घ्यायची असते, हे मला एमएला गेल्यावर कळलं. तीन वर्षं इतिहास 'केला' होता मी!

आता आजचं बघा. संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं. एका सेमिस्टरला 22 क्रेडिट. मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम), ओई (दुसऱ्या शाखेचा विषय), व्हीएससी आणि एसईसी (कौशल्याचे कोर्स), एईसी (भाषा), आयकेएस (भारतीय ज्ञानपरंपरा). कागदावर वाईट नाही, यातल्या पुष्कळ गोष्टी मला मनापासून हव्या होत्या. पण लेखी विषयाचा एक क्रेडिट म्हणजे 15 तास, दोन क्रेडिटचा पेपर म्हणजे 30 तास. प्रवेश ऑगस्टपर्यंत चालू. माझा नेमणुकीचा आदेश आला सप्टेंबरात. मध्ये गणपती, आणि दिवाळीआधी अंतर्गत गुण भरून द्यायचे. हजेरीच्या वहीत मोजले, एका पेपरचे 17 तास झाले होते. उरलेले 13 तास मुलांनी बुडवले नाहीत आणि मीही नाही. वर्गात उभं राहायला माणूसच नेमलेला नव्हता. म्हणून सांगते, दोष सेमिस्टरला देऊ नका.

इंटर सायन्स 71

मॅडम, तुमच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे. पण तुम्ही माझ्या मुद्द्याला हातच घातला नाहीत.

मी मुंबईचा. इंटर सायन्स, म्हणजे तेव्हाचं कॉलेजचं दुसरं वर्ष, ए ग्रुप, गणितवाला. विद्यापीठाची एक परीक्षा आणि तिच्यावर ठरायचं की इंजिनिअर होणार की नाही. माझे गुण थोडक्यात कमी पडले, बीएस्सी केलं, भौतिकशास्त्र. त्याची इंटरनंतर दोन वर्षं, ज्युनियर आणि सीनियर. ज्युनियरला कॉलेजचीच परीक्षा, तिला कोणी विचारत नसे. खरी परीक्षा सीनियरला. त्यामुळे दोन वर्षांचं सगळं एकदम डोक्यात धरावं लागे. उष्मागतिकी, प्रकाश, वीज, सगळं एका मार्च महिन्यात एकमेकांशेजारी येऊन बसायचं आणि मग कुठे त्यांची साखळी जुळायची.

माझा नातू बीएस्सीला आहे. मे महिन्यात त्याला उष्मागतिकीतल्या एन्ट्रॉपीबद्दल विचारलं. म्हणाला, "आजोबा, ते मागच्या सेमला होतं, संपलं ते." पोरगा आळशी नाही, मार्क 80 च्या वर आहेत. पण विषय 'संपतो' हे त्याला कोणी शिकवलं? पद्धतीनेच ना?

मेक 2012 पॅटर्न

काका, एका मार्च महिन्यात साखळी जुळायची हे खरं असेल, पण त्याच मार्च महिन्यात टायफॉइड झाला तर? माझ्या सख्ख्या मामाला झाला होता. वर्ष गेलं, घरच्यांनी दुकानात बसवलं, तो आजतागायत दुकानातच आहे. त्याच्यासारखे किती गेले त्याचा हिशोब 'आमच्या काळी' म्हणणारे कधीच मांडत नाहीत.

पण ताई, तुमचंही सगळं पटत नाही. मार्क वाटतात हे खोटं नाही. मी पुण्यात इंजिनिअरिंग केलं. एफई-एसईला (पहिल्या-दुसऱ्या वर्षाला) निम्मा पेपर ऑनलाइन बहुपर्यायी, टीई-बीईला (तिसऱ्या-चौथ्या वर्षाला) सेमच्या मध्ये 30 ची इन-सेम आणि शेवटी 70 ची एंड-सेम. त्याशिवाय टर्मवर्क (सबमिशनचे गुण) आणि ओरल. सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या खोलीत दोन पलंगांमध्ये खिडकीची काच आडवी टाकायची, खाली बल्ब, वर मित्राची पूर्ण झालेली ड्रॉइंग शीट, तिच्यावर आपली कोरी, आणि पहाटेपर्यंत जीटी (ग्लास ट्रेसिंग) मारत बसायचं. सकाळी सर रेघांकडे न बघता सही करायचे. 25 पैकी 22. ज्याने शीट खरी काढली त्यालाही 22. हे अंतर्गत मूल्यमापन असेल तर काकांचा तीन तासांचा पेपर निदान सगळ्यांना सारखा तरी होता.

आणि अभ्यासक्रमाचे पॅटर्न! 2008, 2012, 2015, 2019, आता 2024. आमच्या एका सीनियरचा एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) 2008 पॅटर्नचा राहिला होता. वर्गात शिकवतात नवा, त्याचा पेपर जुना, आणि नोट्स शोधायला तो आमच्याही ज्युनियर पोरांच्या खोल्या पालथ्या घालायचा. जुना पॅटर्न बंद होणार म्हटल्यावर नव्यातला कुठला विषय त्याच्या जागी धरायचा हे विचारायला तीन खिडक्या फिरला. चार वर्षांत अभ्यासक्रम बदलायचा असेल तर बदला, पण मागे राहिलेल्या पोरांची सोय आधी लावा.

टीवाय 2013

प्राध्यापकांच्या दुःखाची गोष्ट निघालीच आहे तर आमचीही ऐका. 2013 च्या फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत परीक्षेच्या कामावर बहिष्कार घातला होता प्राध्यापकांच्या संघटनांनी. मी टीवाय बीएस्सीला. प्रॅक्टिकल कधी होणार, पेपर कोण तपासणार, निकाल कधी लागणार, कोणालाच ठाऊक नाही. मला राज्याबाहेर एमएस्सीला प्रवेश मिळत होता. मार्कशीट वेळेत हातात नव्हती, जागा गेली. तेव्हा यातल्या किती मॅडमना मुलांचे तास आठवले होते?

इतिहासवाली

तुमची जागा गेली त्याचं मला वाईट वाटतं, मनापासून. पण माझ्यावर का घसरता? तो लढा 1991 ते 2000 या काळात नेमणूक झालेल्या बिगर नेट-सेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा पास नसलेल्या) प्राध्यापकांच्या सेवेचा आणि थकबाकीचा होता. कायम नोकरीतल्यांचा. 2013 ला मी सेट पास होऊन घरी बसले होते, कारण जाहिरातच निघत नव्हती. त्यानंतर ज्या दोन-तीन जाहिराती आल्या त्यांच्या मुलाखतींना गेले. एका ठिकाणी मुलाखतीच्या आधीच व्हरांड्यात एका गृहस्थांनी बाजूला घेऊन आकडा सांगितला. लाखांत. माझ्या वडिलांची दीड एकर विकली असती तरी तो जमला नसता. परत आले आणि तासिकेचा अर्ज भरला.

तासिकेवरच्या माणसाला मे-जूनचं मानधन नाही. दिवाळीत काम नाही म्हणून पैसे नाहीत. केलेल्या कामाचे पैसे कधी चार महिन्यांनी, कधी सहा. आणि हीच माणसं पेपर काढतात, सुपरव्हिजन करतात, कॅपला (पेपर तपासणीच्या केंद्रावर) जाऊन तपासतात. वर्षातून एक परीक्षा होती तेव्हा हे एकदा करायचं होतं, आता दोनदा. परीक्षा दुप्पट केल्या, माणसं निम्मी केली.

टीवाय 2013

म्हणजे शेवटी पगारावरच आलात. मुलांचं नाव पुढे करून.

इतिहासवाली

हो, आले पगारावर! का येऊ नये? सकाळी एका कॉलेजात दोन तास, मग एसटीने 40 किलोमीटर, दुपारी दुसऱ्या कॉलेजात दोन तास. या दोन्हींच्या मध्ये 60 मुलांचे असाइनमेंट मी कधी वाचायचे? नीट वाचलेला एक असाइनमेंट म्हणजे वीस मिनिटं. 60 चे वीस तास झाले. त्या वीस तासांचे पैसे कोणी देत नाही. तरी मी वाचते. माझ्या शेजारच्या टेबलावरचा वाचत नाही आणि सरसकट 22 टाकतो, तर मी त्याला दोष देऊ शकत नाही. वरचे 'मेक 2012' म्हणतात ते 25 पैकी 22 इथून येतात.

निवृत्त परीक्षक

थोडं थांबा सगळे. मी 31 वर्षं शिकवलं, त्यातली बरीचशी पेपर तपासण्यातही गेली. दोन्ही बाजूंनी जुन्या पद्धतीचं जे चित्र उभं केलंय ते अर्धवट आहे.

मुंबई विद्यापीठ 1857 ला निघालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, म्हणजे शिकवायचं कॉलेजांनी आणि विद्यापीठाने परीक्षा घ्यायची. 1862 ला रानडे, भांडारकर ही पहिली बीएची तुकडी बाहेर पडली ती याच व्यवस्थेतून. जो शिकवतो त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, दुसऱ्याने तपासायचं, हा आपल्या पदवीचा मूळ पाया. परीक्षांवर रडणंही तेवढंच जुनं. 1948-49 च्या राधाकृष्णन आयोगाने लिहून ठेवलंय की विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षांची सुचवू.

'इंटर सायन्स 71' यांना एक अनुभव सांगतो. नव्वदच्या दशकात वार्षिक परीक्षेचा एक गठ्ठा माझ्याकडे आला. तिसऱ्या उत्तरपत्रिकेत वाचलं, 'पेशवाई 1881 मध्ये संपुष्टात आली.' पोराची गडबड झाली असेल म्हणून अर्धा गुण कापला. सातव्यात पुन्हा 1881. बाराव्यात पुन्हा. मग मी गुण द्यायचं थांबून नुसतं मोजत गेलो. एका गठ्ठ्यात 38. एका प्रश्नसंचात 1818 चे आकडे उलटे छापले गेले होते. या 38 जणांपैकी एकाच्याही मनात आलं नाही की 1857 च्या उठावात नानासाहेब गेलेल्या पेशवेपदासाठी भांडत होते, तर मग पेशवाई 81 ला कशी संपेल? साखळी जुळायची म्हणता ना? ती तुमच्या डोक्यात जुळली, कारण तुम्हाला विषय आवडत होता.

आणि मॅडम, तुम्हालाही सांगतो. शिक्षक भरपूर होते, पगार वेळेवर होते, तेव्हाही 38 जणांनी 1881 च लिहिलं. माणसं भरली की सगळं सुधारेल हे मी मान्य करत नाही.

इतिहासवाली

सर, ते मान्य करते. नुसती माणसं भरून होणार नाही. पण ती न भरता तर नक्कीच होणार नाही. आणि 38 जणांचे आकडे तुम्ही मोजलेत, कारण तुम्हाला गठ्ठा घेऊन बसायला वेळ होता. आज कॅपला माझ्यामागे पुढचा गठ्ठा घेऊन शिपाई उभा असतो.

कोविड बॅच

मध्येच बोलतेय. कोणी आमच्याबद्दल बोललं नाही म्हणून. 2020 ला आम्ही शेवटच्या वर्षाला. मार्चपासून परीक्षा होणार, नाही होणार, राज्य म्हणतं रद्द, यूजीसी म्हणतं घ्याच. 28 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परीक्षेशिवाय पदवी नाही. ऑक्टोबरात आम्ही मोबाइलवर बहुपर्यायी पेपर दिला, मी घराच्या गच्चीवर बसून, कारण खाली रेंज नव्हती. मुलाखतीत अजून विचारतात, "अच्छा, 2020 का?" त्यामुळे कुठली परीक्षा खरी आणि कुठली खोटी याच्या गप्पा जपून मारा. मागची अडीच वर्षं आम्ही वर्गात बसून, लिहून पास झालो होतो.

एसवाय बीएस्सी, आत्ताची

सगळे आमच्याबद्दल बोलताय म्हणून लिहिते.

ओईला दुसऱ्या शाखेचा विषय घ्यायचा असतो. मला मानसशास्त्र हवं होतं. आमच्या कॉलेजात एकच ओई होता, कारण शिकवायला एकच सर मोकळे होते. 'निवडीचं स्वातंत्र्य' असं माहितीपत्रकात लिहिलंय. माझ्या मावसबहिणीने पहिल्या वर्षानंतर सोडलं, लग्न ठरलं म्हणून. 44 क्रेडिट पूर्ण होते, म्हणजे एका वर्षाचं प्रमाणपत्र मिळायला हवं. पण त्यासाठी आणखी 4 क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स लागतो, तो कुठे करायचा हे ऑफिसात कोणालाच सांगता येईना.

तरी मी सेमिस्टरच्याच बाजूने आहे. काका, आमच्याकडे कांदा आहे. मार्च-एप्रिलला काढणी. वर्षाचा एकच पेपर एप्रिलला असता तर मी पहिल्याच वर्षी नापास झाले असते. दिवाळीआधीच्या सेममध्ये निम्मे क्रेडिट हातात पडले, म्हणून बाबा म्हणाले, चालू दे. आणि बहिणीचे 44 क्रेडिट खात्यावर जमा आहेत. सासरी गावात कॉलेज आहे. ती पुढच्या वर्षी तिथे दुसऱ्या वर्षाला बसणार म्हणते. वार्षिकमध्ये सोडलेल्या किती मुली परत आल्या, ते माझ्या आईला विचारा.

इंटर सायन्स 71

मुली, कांद्याचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आमच्या वर्गात शेतावरून येणारी मुलगी एकही नव्हती, म्हणून आलं नसेल.

'प्राध्यापक सामील आहेत' हे वाक्य मी मागे घेतो. 17 तासांचा हिशोब वाचल्यावर ते राहू देणं बरोबर नाही. 1881 ची गोष्टही ऐकली. पण एन्ट्रॉपी 'संपली' हे मला आजही सहन होत नाही, आणि ते मागे घेणार नाही. सहा सेमिस्टर झाल्यावर सगळ्या विषयांवर मिळून एक तोंडी परीक्षा ठेवा, दोन बाहेरचे परीक्षक, विद्यार्थ्यामागे अर्धा तास. मग मी काही बोलणार नाही.

मेक 2012 पॅटर्न

काका, बीईच्या ओरलला बाहेरचे परीक्षक यायचेच. त्यांच्या जेवणाची सोय नीट झाली की नाही एवढंच आमचे सर आम्हाला विचारायचे.

इतिहासवाली

तोंडी परीक्षा मला चालेल, काका, खरंच चालेल. आमच्या तीन वर्षांत मिळून 140 मुलं आहेत. सगळ्यांची नाही म्हणून फक्त टीवायची धरते, 41. अर्ध्या तासाने साडेवीस तास, म्हणजे तीन दिवस. परीक्षक दोन. विभागात कायम प्राध्यापक एकही नाही. उरले मी, आणि माझा आदेश 30 एप्रिलला संपतो.

टीवाय 2013

मे महिन्यात घ्या. मी तर म्हणतो तुम्हाला मे महिन्याचेही पैसे मिळायला हवेत. हे मी आधीही बोललो असतो, पण तुम्ही तोडूनच बोललात.