ए विंग ग्रुप: माणूस म्हातारा का होतो?

जोशी काका: म्हातारपण थांबवणाऱ्या कॅप्सूलचा फॉरवर्ड पुन्हा आला. शिंदे साहेब, मागच्या वेळीही हात जोडून सांगितलं होतं.

शिंदे ४०२: काका, विज्ञान आहे ते. फ्री रॅडिकल (शरीरात तयार होणारे अतिक्रियाशील रेणू) पेशी खराब करतात, अँटिऑक्सिडंट त्यांना आवरतात. शास्त्रज्ञ हार्मनचा सिद्धांत, १९५६.

डॉ. मेधा: हार्मन ठीक, कॅप्सूलचं काय? फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या सुमारे २९ हजार पुरुषांवर चाचणी झाली. ज्यांना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट दिलं, त्यांच्यात फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला (१९९४). शिवाय पेशी हेच रॅडिकल निरोप पोचवायलाही वापरतात, सरसकट पुसून कसं चालेल? नेकेड मोल रॅट या बिनकेसाच्या, बिळात राहणाऱ्या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींत रॅडिकलनी होणारं (ऑक्सिडेशनचं) नुकसान तरुणपणापासूनच भरपूर, तरी पठ्ठ्या ३० वर्षांवर जगतो.

शिंदे ४०२: फ्री रॅडिकल पेशी खराब करतात. सर्वांनी नोंद घ्यावी 🙏

निखिल: झाली हो नोंद. खरी गोम टेलोमेअरमध्ये, म्हणजे गुणसूत्रांच्या टोकांवरच्या डीएनएमध्ये आहे. डीएनएची नक्कल करणारं एन्झाइम अगदी टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून दर विभाजनाला ५० ते १०० बेस (डीएनएची अक्षरं) गळतात; टोकं फार आखूड झाली की विभाजन थांबतं. माणसाच्या फायब्रोब्लास्ट (जोड-ऊतींतल्या) पेशी साधारण ५० वेळा विभागून थांबतात, हे शास्त्रज्ञ हेफ्लिकने १९६१ मध्येच दाखवलं.

डॉ. मेधा: मग लॅबमधल्या उंदराचे टेलोमेअर आपल्यापेक्षा कितीतरी लांब असून तो दोन-तीन वर्षांत का मरतो? आणि न्यूरॉन (चेतापेशी) विभागतच नाहीत, तेही थकतातच ना?

पाटील काकू: उंदरांवरून आठवलं, डक्टची जाळी कधी बसणार?

सेक्रेटरी: काकू, मीटिंगमध्ये घेऊ.

जोशी काका: तुम्ही दोघं 'कसं' यावर भांडताय, 'का' राहिलंच. उत्क्रांतीच्या अंगाने उत्तर दिलं ते जीवशास्त्रज्ञ मेडावार (१९५२) आणि विल्यम्स (१९५७) यांनी. रानात बहुतेक जीव शिकार, रोग, अपघात यांनी आधीच जातात. उतारवयात त्रास देणारं जनुक गाळायला नैसर्गिक निवडीचा जोर उरतच नाही. तेच जनुक तरुणपणी फायद्याचं असेल, तर उलट टिकतं, हे विल्यम्सचं म्हणणं. १९७७ मध्ये जीवशास्त्रज्ञ कर्कवुडने हिशेब मांडला: ऊर्जा मर्यादित, दुरुस्तीवर घालायची की पिलांवर? दुरुस्ती कामापुरतीच होते. आपल्या सोसायटीच्या दुरुस्तीच्या सिंकिंग फंडासारखी.

सेक्रेटरी: टोमणा पोचला. थकबाकीदारांनी फंडावर न बोललेलं बरं.

जोशी काका: पावती टाकू का इथे?

डॉ. मेधा: पावत्या खाजगीत पाठवा. सेनेसंट (म्हातारलेल्या) पेशींचा विषय कोणी काढलाच नाही! विभाजन बंद, पण मरत नाहीत; शेजारी दाह वाढवणारी प्रथिनं सोडत बसतात. लवकर म्हातारे होणाऱ्या एका वाणाच्या उंदरांतून २०११ मध्ये त्या काढल्या, तेव्हा मोतीबिंदू आणि स्नायूंची झीज लांबली.

शिंदे ४०२: मग टेलोमरेज (टेलोमेअर पुन्हा लांबवणारं एन्झाइम) वाढवणारी कॅप्सूल तरी पाठवू का?

निखिल: नको! ८५ ते ९० टक्के कॅन्सरमध्ये तेच एन्झाइम चालू असतं. विभाजनाला मर्यादा आहे म्हणून कित्येक गाठी वाढण्याआधीच थांबतात. तरुणपणी जीव वाचवणारी ही सोय पुढे नव्या पेशींची चणचण करते. इथे काकांचा विल्यम्स लागू पडतो.

जोशी काका: चला, एवढं तरी कबूल केलंत.