मदत हवी आहे: भाऊ पडून आहे, धंदा स्वतःचा, उत्पन्न बंद. कुठून काही मिळतं का?

मेधा_क
भावाच्या टाचेचं हाड मोडलंय. ऑपरेशन करून प्लेट बसवली. तीन महिने पाय टेकवायचा नाही, शिडीवर चढायचं ते पुढे बघू, असं डॉक्टर म्हणतात. तो एसी-फ्रीजची कामं करतो. स्वतःचा धंदा, त्यामुळे पगार नाही, रजा नाही, पीएफ नाही. दवाखान्याचं कसंबसं भागवलं, पण घर कशावर चालवायचं? हप्ते थांबत नाहीत, मुलं लहान आहेत. इतक्या योजना ऐकतो, त्यात बुडालेली कमाई देणारी एक तरी आहे का? लवकर सांगा. आणि "आधी विमा काढायला हवा होता" हे कृपया नको, ते कळलंय.

जुनाजाणता
प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. वर्षाला २० रुपये, २ लाखांचं कवच. बँकेतून पैसे कापले जातात का बघा, लगेच अर्ज करा.

आरोही
जुनाजाणता, ती योजना मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी आहे. दोन्ही डोळे, दोन्ही हात किंवा दोन्ही पाय गेले तर २ लाख, एक हात किंवा एक पाय कायमचा गेला तर १ लाख. हाड मोडून तीन महिने घरी बसलेल्याला त्यातून काही मिळत नाही. उगाच बँकेत हेलपाटे नकोत.
मेधाताई, अपघात कुठे आणि कसा झाला? त्यावर बरंच अवलंबून आहे.

परदेशस्थ
मी जर्मनीत स्वतंत्र काम करतो. इथे सरकारी आरोग्य विम्यात थोडा जास्त हप्ता भरायचं निवडलं, की आजारपणाच्या ४३व्या दिवसापासून रोख भत्ता मिळतो. आजारी पडल्यावर निवड केली तर मात्र त्या आजारपणापुरता उपयोग नाही. तुमच्याकडे असा पर्याय आहे का ते तपासा.

मेधा_क
आम्ही भारतात आहोत हो, अजून कुठे असणार. आणि अपघात कसा झाला यानं काय फरक पडतो? कामावर पडला. हाड तर मोडलंच ना.

सल्लागार_काका
या वेळी नाही, पण पुढच्यासाठी: वैयक्तिक अपघात विमा घेताना तात्पुरत्या अपंगत्वाची आठवडी भरपाई जोडून घ्या. बऱ्याच पॉलिसींत ती विमा रकमेच्या एक टक्का दर आठवड्याला, शंभर आठवड्यांपर्यंत असते. धंदेवाईकाला तीच खरी उपयोगाची. मी कित्येकांना काढून दिली आहे.

भिशीवाला
पॉलिसीवाले आलेच. रोज कमावून खाणारा हप्ता भरतो आणि दाव्याच्या वेळी आयकराचं विवरणपत्र दाखवा म्हणतात. आमच्या कारागिरांच्या गटात सगळे महिन्याला ठरावीक रक्कम टाकतात, कोणी पडलं की दुसऱ्या दिवशी घरात पैसे. कागद नाही, काही नाही.

सल्लागार_काका
आणि एकाच महिन्यात चार जण पडले तर? गटाचं गणित तिथेच कोलमडतं. उत्पन्नाचा पुरावा मागतात कारण भरपाई उत्पन्नाचीच असते.

भिशीवाला
चार पडले तर चौघांना थोडं थोडं. शून्यापेक्षा बरं. 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेनं १९९२पासून असंघटित बायकांसाठी विमा चालवला तो अशाच विचारानं. तुम्ही मेधाताईंना आज काय देताय ते सांगा.

आरोही
दोघांनी वेगळा धागा काढा प्लीज.
मेधाताई, सरळ सांगते. दवाखान्याचं बिल आणि बुडालेली कमाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आयुष्मान भारत (कुटुंबाला वर्षाला ५ लाख) आणि महात्मा फुले योजना उपचारांचा खर्च उचलतात, घरखर्च नाही. आजारपणाचा रोख भत्ता ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा) आहे, सर्वसाधारणपणे मजुरीच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. पण ईएसआय नोकरदारांसाठी, एकट्याने धंदा करणाऱ्याला तिथे दार नाही. ई-श्रम कार्डानंही (असंघटित कामगारांची सरकारी नोंदणी) दरमहा काही येत नाही. हे अन्यायाचं आहे, पण आहे असंच आहे.
म्हणून पुन्हा विचारते. "कामावर" म्हणजे कुणाच्या? घरमालकाने बोलावलं होतं की कंत्राटदाराने?

मेधा_क
एका नव्या इमारतीत पंधरा-वीस फ्लॅटचे एसी बसवायचे होते. कंत्राटदाराने घेतलं होतं, दादा तिथे दीडेक महिना जात होता. पैसे शनिवारी, हजेरीप्रमाणे. बाहेरचं युनिट लावताना परांचीची फळी सरकली. पण तो कुणाचा नोकर नाही, त्याचं स्वतःचं कार्ड आहे, दुकानाचं नाव आहे.

वायरमन
ताई, हे पहिल्यांदाच सांगायला हवं होतं! हजेरीवर, शनिवारी पगार, परांची कंत्राटदाराची. मग त्या कामापुरता तो धंदेवाला कसला?

जुनाजाणता
कार्डावर दुकानाचं नाव आहे, म्हणजे स्वतंत्र. कोर्टात उभं राहणार नाही.

वायरमन
कार्डावरून ठरत नाही. काम कसं, कधी, कुणाच्या सांगण्यावरून, पैसे नगावर की दिवसावर, हे बघतात. माझ्या चुलतभावालाही ठेकेदाराने "तू स्वतंत्र मिस्त्री" म्हणूनच उडवलं होतं. शेवटी भरपाई मिळाली.

आरोही
वायरमन यांच्याशी सहमत. आधी १९२३चा कर्मचारी भरपाई कायदा होता, आता २१ नोव्हेंबर २०२५पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू आहे. त्यात तात्पुरत्या अपंगत्वाला दर पंधरवड्याला मासिक मजुरीच्या २५ टक्के, म्हणजे महिन्याला साधारण निम्मी मजुरी. शिवाय उपचारांचा प्रत्यक्ष खर्चही मालकाकडे. कंत्राटदार हात वर करेल, तरी ज्याचं मूळ काम आहे त्याच्यावरही जबाबदारी येऊ शकते. निकाल आधीच ठरलेला नाही, वाद होईल. पण तुमच्याकडे मागण्यासारखं काहीतरी आहे, हे आत्तापर्यंत नव्हतं.
आजच हे करा: कंत्राटदाराचे व्हॉट्सॲप मेसेज जपा, शनिवारी खात्यात आलेल्या रकमांचं बँक स्टेटमेंट काढा, सोबत काम करणाऱ्या दोघांची नावं लिहून ठेवा, दवाखान्याच्या कागदांवर "कामावर उंचावरून पडून" असं आहे का पाहा. मग कंत्राटदाराला अपघाताची लेखी सूचना द्या, पोच घ्या.

निखिल_७
सहा महिन्यांचा खर्च लिक्विड फंडात ठेवला असता तर ही वेळ आली नसती.

वायरमन
निखिल, धागा वाचा.
मेधाताई, बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी आहे का? वर्षात ९० दिवस बांधकामावर काम असेल तर होते, वायरिंग आणि एसीवाले मिस्त्रीही करतात.

मेधा_क
नोंदणी नाही. कधी कुणी सांगितलंच नाही. मेसेज आहेत, "उद्या आठला ये, सातव्या मजल्यापासून सुरू कर" असे. कंत्राटदाराने त्या दिवशी दवाखान्यात दहा हजार दिले आणि "माणुसकी म्हणून देतोय" म्हणाला. ते घेतले म्हणून हक्क गेला का?

आरोही
नाही. काहीही सही करून दिलेलं नाही ना? "यापुढे काही देणं नाही" असा कागद कुणी आणला तर सही करू नका. भरपाई मागायला कामगार कार्यालयात जाल, तेव्हा ते दहा हजारही स्वतःहून सांगा, म्हणजे नंतर तेच पुढे करून तुम्हाला खोटं पाडता येणार नाही.

मेधा_क
सही काही नाही. वहिनीला फोन करून सांगते, तिला कालच कुणीतरी भेटायला येणार म्हणून निरोप आला होता.

शीतल_पी
मध्येच विचारते, माफ करा. मामांची पिठाची गिरणी होती, पट्ट्यात उजवा हात मनगटापासून गेला. त्यांनाही काहीच नाही का?

आरोही
शीतल, तुमच्या मामांच्या बाबतीत ती २० रुपयांची योजना लागू होऊ शकते. अपघाताच्या तारखेला त्यांच्या खात्यातून हप्ता गेला होता का, पासबुकात १ जूनच्या आसपासची नोंद पाहा. असेल तर १ लाखाचा दावा त्याच बँकेत करा.