टँक : टाकी, टाके की तलाव?

चौकस : जुन्या इंग्रजी महसुली कागदाचा अनुवाद तपासतोय. मजकूर भंडाऱ्याकडचा. 'गावात दोन टँक असून एकावर चाळीस एकर भात भिजतो.' अनुवादकाने 'दोन टाक्या' करून ठेवलंय. तलाव करू की तळे?

सांडवा : तलावच. तिकडचे मालगुजारी, म्हणजे महसूल गोळा करणाऱ्या जमीनदारांचे, तलाव आज सरकारी कागदांत 'मामा तलाव' म्हणून येतात. मामा म्हणजे माजी मालगुजारी. मातीची पाळ, कडेला सांडवा, खाली धानाच्या बांध्या. 'पर्कोलेशन टँक'चा पाझर तलाव आपण केलाच आहे. वाक्यात गॅलन, झाकण, तोटी दिसली तर टाकी. एकर दिसले की तलाव.

कातळकोर : 'टाक्या' हीसुद्धा गंमतच. गडावरचं ते टाके, अनेकवचन टाकी. गच्चीवरची ती टाकी, अनेकवचन टाक्या. 'गडावर सात टाक्या' वाचलं की काळं प्लास्टिक डोळ्यांपुढे येतं. 'टाक्यांमध्ये' म्हटलं की मात्र दोन्ही एकच, तिथे 'खोदटाक्यांमध्ये' लिहावं. बाकी टँक हा शब्द आपल्या टाक्यावरूनच इंग्रजीत गेलाय.

उगाच : सावकाश! पोर्तुगीजांचा 'तांके' मधे उभा आहे, त्याचं नातं 'अडवणे' या अर्थाच्या त्यांच्या क्रियापदाशी लावतात. 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशातही (१८८६) दोन्ही कुळांची चर्चा आहे. शिवाय टाके एवढं पुरातन, तर कान्हेरी लेण्यांतल्या शिलालेखांत त्याला 'पोढी' का?

कातळकोर : लेख प्राकृतात आहेत म्हणून. टाके टंकावरून, म्हणजे छिन्नीवरून आलं असं मी धरतो. पाथरवटाच्या छिन्नीला आजही टाकीच म्हणतात. पोर्तुगीजांना किनाऱ्यावर कानाला ओळखीचा शब्द भेटला आणि दोन्ही एकात मिसळले, एवढं तरी मान्य करा.

उगाच : मिसळले हे मान्य. 'वरूनच' मागे घ्या.

बोरू : रणगाड्याचं कुणी काढलंच नाही. ब्रिटिशांनी गुप्तता राखायला कारखान्यात 'पाण्याच्या टाक्या बनतायत' अशी हूल उठवली आणि तेच नाव चिकटलं. १५ सप्टेंबर १९१६ ला सोमच्या लढाईत तो पहिल्यांदा उतरला. मराठीने टाकी सोडून रणगाडा केला, झकास केला. टँकरलाही असा शब्द हवा.

सांडवा : कशाला? 'गावाला टँकर लागला' यात टँकरच्या जागी 'जलवाहक' घालून बघा. टंचाईची बातमी आहे हे कुणाला कळणार नाही.

बोरू : सवयीने कळेल. रणगाडा तरी पहिल्या दिवशी कुणाला कळला असेल?

चौकस : पण तलाव की तळे?

कातळकोर : शिवणीतला टाका मात्र वेगळा, तो पुल्लिंगी...