बाबांचं घोरणं आणि न उतरणारं बीपी: आधी स्लीप स्टडी करावी का?

मोगरा_७
बाबा ६१ वर्षांचे. बीपीच्या तीन गोळ्या चालू आहेत, त्यातली एक लघवीची. तरी सकाळी उठल्या उठल्या १६०/९६. घोरणं असं की आई कधीच हॉलमध्ये झोपायला गेली. ती म्हणते, मध्येच आवाज बंद पडतो आणि मग गुदमरल्यासारखे दचकतात. शुगर नाही, तरी रात्री तीनदा लघवीला उठतात. डॉक्टर चौथी गोळी देऊ म्हणतात. बाबांचं म्हणणं, "आपल्याकडे सगळेच घोरतात, मेलंय का कोणी?"

रातकिडा
मेले असतील, पण घोरण्याने गेले असं कोण लिहून ठेवतं!
आधी स्टडी करा, म्हणजे झोपेत श्वास किती अडतो याची तपासणी. आवाज बंद पडतो तेव्हा घसा मिटलेला असतो (याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात). ऑक्सिजन उतरतो, शरीर घाबरून अ‍ॅड्रेनलिन सोडतं, बीपी उसळतं. रात्रभर हेच. एरवी झोपेत बीपी १० ते २० टक्के उतरतं, अशा लोकांचं बरेचदा उतरतच नाही. मिटलेल्या घशातून श्वास ओढताना हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात. रात्रीची लघवी बरेचदा त्यामुळेच, कारण ताणलेला कप्पा लघवी वाढवणारं संप्रेरक सोडतो. पुढचा धोका म्हणजे ठोके अनियमित होणं (एट्रियल फिब्रिलेशन), त्यातून गुठळी आणि पक्षाघात. ईसीजी काढून घ्याच.

जुनं_खोड
मी तीन वर्षं सीपॅप लावतोय, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन. मशीन आलं की गोळ्या सुटतील, ही आशा नको. बीपी सरासरी दोन-तीन अंकांनीच उतरतं, काहींचं जास्त. २०१६ च्या 'सेव्ह' चाचणीत हृदयरोग किंवा पक्षाघात झालेले २,७०० च्या आसपास रुग्ण होते, सीपॅपने त्यांचे हार्ट अटॅक-स्ट्रोक कमी झाले नाहीत. पण मंडळी रात्री सरासरी साडेतीन ताससुद्धा मास्क लावत नव्हती! किमान चार तास हवेत, खरं तर पूर्ण झोपभर. आधी भाड्याने घ्या. मास्क चेहऱ्याला बसला तरच विकत. आणि संध्याकाळचा पेग बंद, त्याने घसा आणखी सैल पडतो.

रातकिडा
गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने कमी करू नका.

मोगरा_७
अपडेट: घरीच स्टडी झाली. एएचआय ३८, म्हणजे तासाला ३८ वेळा श्वास अडतो किंवा उथळ होतो. ३० च्या वर तीव्र म्हणतात. बाबा रिपोर्ट बघून गप्प. आज स्वतःहून विचारलं, "ते मुसकं लावून कुशीवर झोपता येतं का?"

जुनं_खोड
येतं की. नळी डोक्यावरून घ्यायची, अंगाखाली येऊ द्यायची नाही.