पेशीला मोठे होण्यापासून नेमके काय अडवते?

कृष्णाकाठ (सांगली) :
मुलगी अकरावी विज्ञानला आहे. पेशीची बाजू दुप्पट झाली की पृष्ठफळ चौपट, पण घनफळ आठपट होते आणि पटलातून (पेशीच्या बाहेरच्या पातळ आवरणातून) येणारा पुरवठा आतल्या गरजेला अपुरा पडतो, हे मी तिला समजावले. त्यावर तिने विचारले, की मग शहामृगाच्या अंड्यातला बलक ही एकच पेशी कशी? आणि नामिबियाच्या किनाऱ्याजवळचा, १९९९ मध्ये नोंदवलेला, नुसत्या डोळ्यांना दिसणारा जिवाणू कसा जगतो? मला उत्तर देता आले नाही.

मास्तर (तासगाव) :
हळद शिजवताना जेठे गड्डे (जाड मूळ कंद) आणि हळकुंडे (त्यांना फुटलेली बारीक बोटे) वेगवेगळी का शिजवतात, हे आपल्याकडे सांगावे लागत नाही. हळकुंडातून काडी आरपार जाते तेव्हा गड्ड्यात ती मध्येच अडते. पेशीतल्या विसरणाचेही, म्हणजे कण दाटीकडून विरळ जागेकडे आपोआप पसरण्याचेही, तसेच आहे. अंतर दहापट झाले की वेळ शंभरपट लागतो. म्हणून ऑक्सिजन १० मायक्रोमीटर अंतर सेकंदाच्या अंशात कापतो, तर १ सेंटीमीटरला त्याला कित्येक तास लागतात. तेव्हा मर्यादा आकाराला नसून पटलापासूनच्या अंतराला आहे. त्या जिवाणूचा मधला बहुतेक भाग नायट्रेट साठवणाऱ्या रिक्तिकेने (पेशीतल्या द्रवाच्या पिशवीने) व्यापलेला असतो आणि जिवंत पेशीद्रव्य कडेला पातळ थरात असते. बलक हाही मुख्यतः साठाच. कोंबडीच्या अंड्यात बलकावर जो फिकट ठिपका दिसतो, तेवढ्यातच पेशीविभाजन होते. चेतापेशी मीटरभर लांब असली तरी तिचा तंतू अत्यंत बारीक असतो.

वनस्पतीप्रेमी (सातारा) :
वरील उत्तर पटले, तरी केंद्रकाचा मुद्दा राहिला. एका केंद्रकातून निघणाऱ्या संदेशांवर किती पेशीद्रव्य चालेल, यालाही मर्यादा आहे, आणि म्हणूनच आपल्या स्नायूंच्या लांबलचक पेशींत व कौलेर्पा या समुद्री शैवालाच्या एकाच भल्यामोठ्या पेशीत असंख्य केंद्रके असतात. नायटेला या गोड्या पाण्यातल्या शैवालाच्या कित्येक सेंटीमीटर लांब पेशीत तर पेशीद्रव्य सतत वाहते ठेवलेले असते. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ते फिरताना दिसते. बहुपेशीय प्राण्यांनी मात्र पेशी मोठी न करता संख्या वाढवली. हत्ती आणि उंदीर यांच्या यकृतपेशी आकाराने जवळपास सारख्याच. फरक संख्येचा, आणि प्रत्येक पेशीजवळ पोहोचणाऱ्या केशवाहिन्यांचा.

कृष्णाकाठ (सांगली) :
दोघांचेही आभार. गड्ड्याचा दाखला तिला लगेच समजला. आता ती नायटेला कोठे मिळेल म्हणून मागे लागली आहे. सांगलीच्या आसपास कोणी पाहिले असल्यास कळवावे.